सांगलीत हॉस्टेलवर राहायला येताय? पहिल्या वर्षासाठी पायरीपायरीने

हा लेख सांगली-मिरजेत बाहेरगावाहून पहिल्या वर्षाला येणाऱ्यांसाठी आहे, त्यातही कॉलेजच्या आवारातल्या हॉस्टेलवर राहणाऱ्यांसाठी. मी पंढरपूरकडची. इंजिनिअरिंगची चारही वर्षं सांगलीच्या विश्रामबाग भागात हॉस्टेलवर काढली आणि शेवटी शेवटी हॉस्टेल कमिटीतही होते. त्यामुळे नव्याने येणारी मुलं-मुली दरवर्षी कुठं अडकतात ते जवळून बघायला मिळालं. ठिकाणं ठरलेली असतात. अभ्यास, ब्रँच, क्लास यांवर सल्ला देणारे पुष्कळ भेटतील; मी फक्त राहण्याबद्दल लिहितेय.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढच्या प्रत्येक पायरीवर ती लागणार आहे. पहिले पंधरा दिवस सगळेच नवे असतात. जेवणाचं कुपन कुठं मिळतं, गरम पाणी किती वाजता येतं, रेक्टर कुठं बसतात, काहीही विचारा, कुणी हसत नाही. महिन्याभराने तोच प्रश्न विचारायला जीभ रेटत नाही. मग लोक सेमिस्टर संपेपर्यंत न विचारताच गार पाण्याने अंघोळ करत बसतात. म्हणून सगळं विचारून घ्या, आणि लवकर विचारून घ्या.

१. हॉस्टेलचा अर्ज वेगळा असतो

कॅप राउंडमध्ये (शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश फेरीत) जागा मिळाली, रिपोर्टिंग झालं म्हणजे कॉलेजात जाऊन प्रवेश पक्का केला, फी भरली, म्हणजे खोली मिळाली असं नाही. हॉस्टेलचा अर्ज वेगळा, यादी वेगळी, फी वेगळी आणि बहुतेक ठिकाणी शेवटची तारीखही वेगळी. जागा मोजक्या असतात. यादी साधारणपणे प्रवेशाचे गुण, आरक्षण आणि घर किती लांब आहे यावर लागते. सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेच्या हद्दीत घर असेल तर सहसा विचार होत नाही. आटपाडी किंवा जत मात्र याच जिल्ह्यात असले तरी रोज ये-जा करण्यासारखे नाहीत, म्हणून तिकडच्यांनी 'आपण जिल्ह्यातलेच, आपल्याला कोण देणार' असं समजून अर्ज सोडू नये.

रिपोर्टिंगला जाल त्याच दिवशी हॉस्टेलच्या ऑफिसात जाऊन या. हे ऑफिस बहुधा मुख्य इमारतीत नसतं, हॉस्टेलच्याच एखाद्या ब्लॉकमध्ये रेक्टरांच्या खोलीशेजारी असतं. पालक प्रवेशाच्या रांगेत थकून 'ते नंतर बघू' म्हणतात आणि गाडी पकडून गावी जातात. ते 'नंतर' पुढच्या आठवड्यात येतं, तोवर यादी लागलेली असते.

शेवटच्या राउंडला प्रवेश झाला असेल तर हॉस्टेल भरलेलं असण्याची शक्यता धरून चाला. प्रतीक्षा यादीत नाव नक्की घाला, कारण पहिल्या महिन्यात काहीजण प्रवेश रद्द करून दुसरीकडे जातात आणि जागा सुटतात. तोवर तीन वाटा आहेत. पहिली, कॉलेजजवळ कॉट बेसिसवर खोली, म्हणजे खोलीतल्या एका कॉटपुरतं भाडं. दुसरी, सामाजिक न्याय विभागाची आणि इतर मागास बहुजन कल्याण विभागाची शासकीय वसतिगृहं. तिसरी, समाजाची बोर्डिंगं. दक्षिण महाराष्ट्रात बोर्डिंगची परंपरा जुनी आहे. शेजारच्या साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली सगळ्या जातीधर्मांची मुलं एकत्र राहतील असं वसतिगृह काढलं, आणि १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याचं 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असं नामकरण झालं. आजच्या बोर्डिंगांचे नियम आणि कुणाला प्रवेश मिळतो ते मात्र ज्याचं त्याचं वेगळं असतं. फोनवर न विचारता समक्ष जाऊन बघा.

कॉट बेसिस घेताना लाइटबिल भाड्यात धरलंय की वेगळं, अनामत किती आणि मध्येच सोडली तर परत किती, पिण्याचं पाणी कुठलं, रात्री गेट किती वाजता बंद होतं, एवढं मालकांकडून लिहून घ्या. कागद मागितला म्हणून कुणी खोली नाकारत असेल तर ती खोली न घेतलेलीच बरी. आणि हॉस्टेलच्या प्रतीक्षा यादीत असाल तर अकरा महिन्यांचं भाडं एकदम देऊ नका.

२. कागदांची फाइल

मूळ कागदांची एक फाइल आणि झेरॉक्सचे किमान चार संच, प्रत्येकावर स्वतःची सही करून. मुख्य प्रवेशाला आणि हॉस्टेलला मिळून साधारण हे लागतं:

- जागावाटपाचं पत्र आणि कॉलेजची फी भरल्याची पावती
- दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, प्रवेश परीक्षेचं स्कोअरकार्ड
- शाळा सोडल्याचा दाखला
- विद्यार्थ्याचं आणि दोन्ही पालकांचं आधार, रेशनकार्ड
- अधिवास दाखला
- तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला
- लागू असेल तर जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, नॉन क्रीमी लेयर
- मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅप सर्टिफिकेट
- नोंदणीकृत डॉक्टरांचं आरोग्य प्रमाणपत्र, त्यावर रक्तगट लिहिलेला
- रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्र, विद्यार्थ्याचं वेगळं आणि पालकांचं वेगळं
- पासपोर्ट साइज फोटो, सगळीकडे एकच
- स्थानिक पालकाचं संमतीपत्र

यातल्या चार कागदांबद्दल थोडं जास्त सांगते.

शाळा सोडल्याचा मूळ दाखला कॉलेजात जमा होतो. एकदा तो आत गेला की हवा तेव्हा हातात येत नाही. देण्याआधीच स्कॅन करून स्वतःच्या मेलवर टाकून ठेवा. मोबाईलवर तिरका काढलेला फोटो पोर्टलवर वाचता येत नाही, आणि अर्ज परत येतो.

उत्पन्नाच्या दाखल्यावर '३१ मार्चपर्यंत वैध' असं छापलेलं असतं. गेल्या वर्षी बारावीसाठी काढलेला दाखला घेऊन येणारे दरवर्षी भेटतात. गावाकडच्या सेतू केंद्रात किंवा महा ई-सेवा केंद्रात चालू वर्षाचा काढूनच निघा. इथं आल्यावर त्यासाठी पुन्हा आईवडिलांनाच तालुक्याला जावं लागतं.

स्थानिक पालक हा खरा प्रश्न. ज्यांचं सांगलीत कुणीच नाही ते घाईत कुणाचंही नाव घालतात, अगदी खोली दाखवायला आलेल्या रिक्षावाल्या काकांचंसुद्धा. असं करू नका. रात्री ताप चढला तर रेक्टर खरोखरच त्या नंबरवर फोन लावतात. कोल्हापूर, जयसिंगपूर, इस्लामपूरचे नातेवाईक चालतात का ते ऑफिसात विचारा. पुष्कळ ठिकाणी चालतात. तेही नसेल तर 'स्थानिक कुणी नाही' असं स्पष्ट सांगा. ही अडचण असलेले तुम्ही एकटे नसता.

प्रतिज्ञापत्र स्टॅम्पपेपरवर हवं की साध्या कागदावर, हे कॉलेजने दिलेला नमुना बघून ठरवा. गेटबाहेर टाइप करून देणारे आधी स्टॅम्पच विकायला बघतात.

३. ओटीपी, बँक खातं आणि महाडीबीटी

माझ्या मते पहिल्या वर्षाचा सगळ्यात मोठा मनस्ताप इथं आहे, आणि त्याची तजवीज घर सोडण्याआधी करता येते.

आधारला कुठला मोबाईल नंबर जोडलाय? बहुतेकांचा वडिलांचा असतो. वडील रानात, फोनला रेंज नाही, आणि इथं शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना ओटीपी दहा मिनिटांत संपतोय. गावाकडच्या आधार केंद्रावर जाऊन स्वतःचा नंबर जोडून घ्या आणि तो नंबर चार वर्षं बदलू नका.

बँकेचं असं आहे की शिष्यवृत्तीचे पैसे अर्जात लिहिलेल्या खात्यावर येतात असं सगळ्यांना वाटतं. ते आधारशी जोडलेल्या खात्यावर येतात. शाळेत असताना उघडलेलं, पाच वर्षं हात न लावलेलं खातं जोडलेलं असेल तर पैसे तिथं जाऊन पडतात, किंवा खातं बंद म्हणून परत जातात. त्यात कॉलेजजवळच्या शाखेत नवं खातं उघडताना फॉर्मवरच्या 'आधार जोडा' चौकटीत खूण केली की जोडणी नव्या खात्यावर सरकते. दोन खाती ठेवायला हरकत नाही, पण आधार कुठल्या खात्याला जोडलंय ते पक्कं माहीत हवं. बँकेत 'डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट जमा होण्यासाठी) आधार सीडिंग, म्हणजे जोडणी, कुठल्या खात्याला आहे?' असं नेमकं विचारा. नुसतं 'आधार लिंक आहे का?' विचारलं तर केवायसी (ओळखीची पडताळणी) झालंय म्हणून 'हो' असं उत्तर मिळतं, आणि ते वेगळं प्रकरण आहे.

आता योजना. खुल्या प्रवर्गातल्या आर्थिकदृष्ट्या मागासांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना राहण्या-जेवण्यासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना शासकीय वसतिगृह मिळालं नाही तर भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम, आणि ओबीसी, भटक्या-विमुक्त व विशेष मागास प्रवर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. शासकीय वसतिगृह आणि भत्ता ही दोन्ही एकदम मिळत नाहीत, तेव्हा आधी आपलं गणित करा. सगळे अर्ज महाडीबीटीवर, म्हणजे राज्य शासनाच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर, नसतात. काहींसाठी समाजकल्याणच्या किंवा त्या त्या विभागाच्या कार्यालयात विचारावं लागतं. कॉलेजात शिष्यवृत्तीची खिडकी असते. तिथल्या लिपिकांशी पहिल्याच आठवड्यात नीट ओळख करून घ्या, चार वर्षं त्यांच्याकडे जायचंय.

मुलींसाठी एक खुलासा. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ओबीसी प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. ही माफी या दोन शुल्कांपुरतीच. हॉस्टेल, मेस आणि अनामत घरूनच भरायची असते. 'मुलींना सगळं फुकट' असं ऐकून पालक रिकाम्या हाताने येतात आणि हॉस्टेलच्या खिडकीवर पोरीसमोर ओशाळतात. सगळे पैसे लगेच जमत नसतील तर हप्ते मागा. अर्ज लिहून रेक्टरांकडे गेलं की बहुतेक ठिकाणी ऐकतात.

शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना 'हॉस्टेलर' की 'डे स्कॉलर' (घरून ये-जा करणारा) हा रकाना स्वतः बघा. नेट कॅफेवाला घाईत डे स्कॉलर टाकतो, आणि निर्वाह भत्ता त्याच एका रकान्यावर ठरतो. खासगी खोलीवर राहत असाल तर मालकाचं पत्र किंवा भाडेकरार लागतो. पहिल्या पायरीत लिहून घ्या म्हटलं, ते इथंही कामाला येतं.

४. घरून काय आणायचं, इथं काय घ्यायचं

खोलीत लोखंडी कॉट, टेबल, खुर्ची आणि कपाट मिळतं. गादी आपली असते. ती एसटीच्या टपावर लादून आणायची गरज नाही. बादली, मग, गादी, दोरी, चिमटे सगळं इथं मिळतं. मारुती रोड, हरभट रोड, गणपती पेठ एवढ्या फेरीत संसार उभा राहतो. विश्रामबागेतही दुकानं आहेत, पण मोठ्या खरेदीला गावात गेलेलं परवडतं. मुक्कामाच्या पहिल्या रात्रीपुरती एक जाड चादर आणि उशी मात्र सोबत असू द्या.

घरून आणायचं ते: दोन चांगली कुलपं (एक कपाटाला, एक बॅगेला), एक्स्टेंशन बोर्ड, मच्छरदाणी, छत्री असली तरी रेनकोट, सुईदोरा, रोजची औषधं आणि त्यांची चिठ्ठी. कोकणातून येणाऱ्यांनी पांघरूण आणावं. डिसेंबरच्या पहाटे इथं चांगलीच थंडी पडते. इंजिनिअरिंगला असाल तर ड्राफ्टर, शीट कंटेनर आणि वर्कशॉपचे कपडे नवे घेऊ नका. दुसऱ्या वर्षाचे दादा-ताई निम्म्या किमतीत द्यायला तयारच असतात.

आणू नका: इंडक्शन, हीटर, कॉइलची शेगडी. तपासणीत जप्त होतात, वर दंड. आणि सोन्याचं काहीही नको.

५. खोलीचा ताबा

किल्ली हातात आली की सामान आत टाकायची घाई करू नका. आधी पंखा, ट्यूब, प्लग, खिडकीची जाळी, दाराची कडी, कपाटाचं कुलूप बघा. कॉटची फळी उचलून सांधे बघा, ढेकूण तिथं असतात. मोबाईलवर फोटो काढा. जे मोडलेलं असेल ते रजिस्टरमध्ये तारखेसह लिहा आणि सही करा. लिहिलं नाही तर वर्षाच्या शेवटी ते तुम्ही मोडलं असं धरून अनामतीतून पैसे कापले जातात.

गरम पाण्याची वेळ, पिण्याच्या पाण्याचा फिल्टर, कपडे वाळत घालायची गच्ची, गेट बंद होण्याची वेळ, रात्री बाहेर राहायचं असेल तर गेटपास कुणाची सही घेऊन मिळतो, हे त्याच दिवशी विचारून घ्या. वॉचमन काकांना आणि झाडायला येणाऱ्या मावशींना नावानिशी ओळखा. हॉस्टेल खऱ्या अर्थाने त्यांना माहीत असतं. रेक्टर तीन वर्षांनी बदलतात, काका तिथंच असतात.

६. रूममेट

एक नंदुरबारचा, एक लातूरचा, एक जतचा, असं खोलीत पडतं. सांगलीकडची मुलं 'काय करायलास? जेवलास काय?' असं विचारतात तेव्हा बाहेरच्यांना ती खेकसतायत असं वाटतं. तसं काही नसतं, ती चौकशी असते. एखाद्याला 'मर्दा' म्हणून हाक मारली की समजा जमलं.

पहिल्या आठवड्यात तोंडाने ठरवून घ्या: रात्री दिवा किती वाजता बंद, पाहुणे चालतील का, किल्ली कुणाकडे, खोली झाडायची पाळी कशी. गोड असताना ठरवलेलं टिकतं. सहन करत करत नोव्हेंबरमध्ये भांडण काढलं तर परीक्षा जवळ आलेली असते आणि खोली बदलूनही मिळत नाही.

घरची आठवण सगळ्यांना येते. मुलांनाही येते, ते बाथरूममध्ये जाऊन फोन करतात एवढंच. पहिला महिना दर शनिवारी घरी पळू नका, असं मी सांगते. हॉस्टेलवरची ओळख शनिवार-रविवारीच होते. पण पंधरा दिवस झोपच लागत नाही, जेवण जात नाही असं झालं तर तुमच्या मेंटर शिक्षकांना सांगा. ते त्यासाठीच नेमलेले असतात.

७. मेस

खोली कशीही चालते, मेस बिघडली तर वर्ष बिघडतं.

पैसे भरण्याआधी खाड्याचा नियम वाचा. जेवायला नसलेल्या दिवसांना खाडा म्हणतात. किती दिवस सलग गैरहजर राहिलं की पैसे वजा होतात आणि किती आधी वहीत लिहावं लागतं, हे प्रत्येक मेसचं निराळं असतं. न लिहिता गावी गेलात की बिल पूर्ण लागतं, नंतर कितीही सांगा. आगाऊ रक्कम किती, पाहुण्याचं ताट किती, फीस्ट (खास जेवण) महिन्यातून कधी, हेही विचारा. रविवारी संध्याकाळी बहुतेक मेस बंद असते. पहिल्या रविवारी हे माहीत नसतं आणि रात्री नऊ वाजता सगळा पहिल्या वर्षाचा ब्लॉक बिस्किटं शोधत फिरतो.

चव. इकडची भाजी तिखट, तेलाची तर्री वर. ज्यांना सवय नाही त्यांनी पहिल्या आठवड्यात दही किंवा ताक रोज घ्यावं. भाकरी मिळत असेल त्या दिवशी भाकरीच खा. ज्वारीचा हा मुलूख, आणि मेसच्या चपातीपेक्षा मेसची भाकरी क्वचितच वाईट असते. बाहेर खायचं झालं तर अख्खा मसूर आणि रोटी. इस्लामपूर-कराड पट्ट्यातून आलेला हा पदार्थ विद्यार्थ्यांच्या खिशाला मानवतो आणि पोटात टिकतो. खोलीत भडंगाचा डबा असू द्या. सांगलीचं लसूण-शेंगदाण्याचं भडंग हवाबंद डब्यात बरेच दिवस कुरकुरीत राहतं, आणि परीक्षेच्या रात्री दोन वाजता त्याच्याइतकं कामाचं काही नाही. कांदा चिरून घातलात तर पूर्ण जेवण.

मेस कमिटी असेल तर तिच्यात जा. पहिल्या वर्षाच्या मुलांना वाटतं आपलं कोण ऐकणार, पण सकाळी बाजारात भाजी घ्यायला बरोबर यायला कुणी तयारच नसतं, त्यामुळे जो येतो त्याचं ऐकलं जातं. तक्रार करायची ती वहीत लिहून, तारीख घालून. वाढणाऱ्या मावशींवर आवाज चढवू नका. डाळीत पाणी त्या ओतत नाहीत, ठेकेदार ओततो.

बाहेरची खानावळ लावणार असाल तर सुरुवातीला आठवडाभर रोजचे पैसे देऊन जेवा. तीन महिन्यांचं एकदम भरलं तर सवलत मिळते हे खरं, पण चौथ्या आठवड्यात चव बदलली तर तुम्ही अडकता.

८. पावसाळा आणि कृष्णा

पहिल्या वर्षाचे प्रवेश ऐन पावसाळ्यात होतात, म्हणून हे वेगळं लिहिते. सांगलीत कृष्णेची पातळी आयर्विन पुलाजवळ फुटांत मोजतात. ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. जुलै २०२१ मध्येही गावात शिरलं. जुलै-ऑगस्टमध्ये इथले लोक एकमेकांना 'आयर्विनला किती?' असं विचारतात, आणि कोयना धरणातून किती विसर्ग सोडला हे रिक्षावाल्यालाही पाठ असतं. तुम्हीही जिल्हा प्रशासनाच्या सूचना बघायची सवय लावा.

विश्रामबाग गावभागाच्या मानाने उंचावर आणि नदीपासून लांब आहे, त्यामुळे हॉस्टेलमध्ये घाबरून जायचं कारण नसतं. अडचण वेगळी होते. रस्ते बंद पडतात, कोल्हापूरकडची वाहतूक थांबते, दूध-भाजी येत नाही, नळाचं पाणी विस्कळीत होतं. धरणाचा विसर्ग वाढल्याची बातमी आली की दोन गोष्टी करा: पिण्याचं पाणी भरून ठेवा आणि थोडी रोकड जवळ ठेवा. गावी जायचं असेल तर पाणी वाढण्याआधी जा, नाहीतर हॉस्टेलवरच थांबा. अर्ध्या वाटेत अडकणं सगळ्यात वाईट. आणि पूर बघायला पुलावर जाऊ नका. दरवर्षी पोरं सेल्फीला जातात आणि पोलिसांच्या काठ्या खाऊन येतात. काठीवर निभावलं तर नशीब.

९. सीनियर, इंट्रो आणि रॅगिंग

नाव, गाव, ब्रँच विचारणं ही ओळख. त्यातून पुस्तकं, नोट्स, जुने पेपर मिळतात, म्हणून सगळ्याच सीनियरना टाळू नका. रात्री खोलीवर बोलावणं, उभं ठेवणं, कपड्यांवरून किंवा जातीवरून बोलणं, पैसे-सिगारेट आणायला लावणं, मोबाईल काढून घेणं, हे रॅगिंग. 'आमच्या वेळी तर' हा युक्तिवाद कायद्याला माहीत नाही. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे आणि त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. यूजीसीची राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-१८०-५५२२, चोवीस तास चालते. नंबर आत्ताच सेव्ह करा. आधी रेक्टर, मग अँटी रॅगिंग समिती, पण भीती वाटत असेल तर थेट हेल्पलाइन. सीनियरना 'सर' म्हणायची सक्ती कुणी केली तर तेही सांगा. दादा-ताई पुरे असतं.

१०. आजारी पडलात तर

पहिल्या दोन महिन्यांत ताप, जुलाब येतातच. पाणी बदलतं आणि डास असतात. तीन दिवस पॅरासिटामॉलवर काढू नका. सांगलीत वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय आहे, लोक 'सिव्हिल' म्हणतात. मिरज तर दवाखान्यांचंच गाव. केसपेपर काढायला सकाळी लवकर जा, आधार सोबत न्या. रूममेटला तुमचा रक्तगट, ॲलर्जी आणि घरचा नंबर माहीत असू द्या. रात्री-बेरात्री रुग्णवाहिकेसाठी १०८.

११. घरी जाणं-येणं

सोलापूर, पंढरपूर, लातूरकडच्यांना मिरज जंक्शन सोयीचं. पुण्या-मुंबईच्या गाड्या सांगली स्टेशनवरही थांबतात. विश्रामबाग या दोन गावांच्या मध्ये, दोन्हीकडे सिटी बस आणि शेअर रिक्षा मिळतात. रात्री उशिरा मिरजेत उतरणार असाल तर आधी कुणाला तरी सोबत ठरवून या.

महिलांना एसटीत मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. बहुतेकांना माहीत नसलेली सवलत रेल्वेची: सुटीत घरी जाताना विद्यार्थ्यांना स्लीपर आणि सेकंड क्लासला ५० टक्के सूट मिळते, अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांना ७५ टक्के. कॉलेजच्या ऑफिसातून सही-शिक्क्याचा फॉर्म घ्यायचा आणि तिकीट खिडकीवर काढायचं, मोबाईलवर ते निघत नाही. फॉर्म दिवाळीच्या आदल्या दिवशी मागायला गेलात तर सही करणारे साहेब स्वतःच सुटीवर गेलेले असतात.

१२. दुसऱ्या वर्षाची खोली

पहिल्या वर्षाच्या हॉस्टेलची जागा आपोआप पुढे चालू राहत नाही. उन्हाळ्यात खोली रिकामी करावी लागते, सामान ठेवायला एखादी कॉमन खोली मिळाली तर बघा. दुसऱ्या वर्षाची यादी बहुतेक ठिकाणी गुणांवर लागते आणि विषय राहिले असतील तर नाव मागे पडतं. अर्ज सुटीत निघतो, तेव्हा तुम्ही गावी असता. नोटीस बोर्डाचा फोटो पाठवणारा एक तरी लोकल मित्र जोडून ठेवा.

खोली सोडताना मेस, लायब्ररी आणि हॉस्टेल अशा तिन्ही ठिकाणच्या नो ड्यूजवर, म्हणजे काही देणं बाकी नाही या कागदावर, सह्या घ्या, आणि मगच किल्ली परत करा. किल्ली आधी दिली की सह्यांसाठी पुन्हा सांगलीची फेरी पडते.